शेवाळाचे गोळे आणि गांवचें पाणी

शेतकऱ्यांच्या मासिकांत कांचेच्या बरणींतील शेवाळास जागा कां द्यावी, असा प्रश्न आमचे कांहीं वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. पिकें, खतें, बियाणें व बाजारभाव यांचा विचार बाजूस ठेवून शहरांतील शोभेच्या वस्तूंकडे वळण्याची आम्हांस हौस नाहीं. परंतु ज्या वस्तूचा शेवट गांवच्या पाण्यांत होण्याचा संभव आहे, ती वस्तु शेतकऱ्याच्या विचाराबाहेरची नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि तें मत कारणांसह मांडण्यासाठींच हा लेख आम्ही लिहीत आहों.

नागपुरास वर्धा मार्गाच्या पूर्वेस, रेल्वेच्या रुळांपलीकडे, बेसा-बेलतरोडीच्या वाटेवर मनीषनगर ही वसाहत आहे. जेथें पूर्वीं शेतें होतीं तेथें आज मजल्यांवर मजले चढलेल्या इमारती उभ्या आहेत. आणि त्या इमारतींत राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचें मूळ आमच्या वाचकांच्या गांवांतच आहे. शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं शहरांत गेलेल्या मुलांच्या खोलींत अलीकडे एक नवी वस्तु दिसूं लागली आहे: कांचेची बरणी, तींत स्वच्छ पाणी, आणि तळाशीं मखमलीसारखा हिरवागार गोळा. दुकानांत त्यास 'मॉस बॉल' म्हणतात. मातीपासून दूर गेलेल्या मुलास हिरवळीची ओढ राहावी, यांत वाईट कांहींच नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जी वस्तु घरांत आणावयाची ती ओळखून आणावी, नीट जोपासावी, आणि तिचा कापून काढलेला भाग कोठें टाकावयाचा हें आणण्यापूर्वींच ठरवावें. पहिल्या दोन गोष्टी विकणारा थोड्याफार सांगतो. तिसरी सहसा कोणी सांगत नाहीं.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. नांवांत 'मॉस' असलें तरी खरा मॉस बॉल मॉस नव्हे. तें एक तंतुमय हिरवें शेवाळ असून शास्त्रांत त्यास 'एगाग्रोपिला लिनेई' असें नांव आहे. आपल्या हौदांत व धानाच्या बांध्यांत जें तंतुमय शेवाळ धरतें, त्याचेंच हें दूरचें भावंड होय. ऑस्ट्रियांतील झेल सरोवरांत अँटन सॉटर या वनस्पतिशास्त्रज्ञास १८२० नंतरच्या दशकांत हे गोळे आढळले. जपानच्या उत्तरेकडील होक्काइडो बेटावरील अकान सरोवर तर त्यांच्यासाठींच प्रसिद्ध आहे. तेथें त्यांस 'मारिमो' म्हणतात, आणि १९२१ सालीं तेथील सरकारनें त्यांस नैसर्गिक स्मारकाचा दर्जा देऊन संरक्षण दिलें; १९५२ मध्यें तो दर्जा आणखी वाढविण्यांत आला.

या गोळ्याच्या पोटांत ना दगड, ना बी, ना मूळ. मध्यापासून बाहेरपर्यंत सारे तंतूच. सरोवरांतील लाटा त्यास तळावर हळूहळू लोळवितात. त्यामुळें सर्व बाजूंस आळीपाळीनें उजेड मिळतो, वर बसलेला गाळ झडतो, आणि आकार वाटोळा राहतो. वाढ मात्र फार मंद, वर्षाला सुमारें ५ मिलिमीटर. या हिशेबानें संत्र्याएवढा गोळा सरोवरांत तयार होण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. तितक्या अवधींत आमच्याकडे संत्र्याची बाग लागून, फळांवर येऊन, मालकास दोन पैसे देऊं लागते. म्हणूनच बाजारांतील पुष्कळ गोळे हे मोकळें शेवाळ हातानें वळून केलेले असतात.

शिवाय दुसरी एक वस्तु याच नांवानें विकली जाते. 'जावा मॉस' नांवाचा खरा पाणमॉस दगडावर किंवा जाळीवर दोऱ्यानें गुंडाळून त्याचा गोळा करतात. दोहोंची पारख सोपी आहे. थोडा भाग भिंगाखालीं धरावा. नुसते फांद्या फुटलेले तंतु दिसले तर तें शेवाळ. कांडीवर बारीक पानें दिसलीं तर तो मॉस. ही पारख करणें अगत्याचें आहे, कारण दोघांची प्रकृति भिन्न आहे. शेवाळगोळा थंड प्रदेशांतला व सावकाश वाढणारा. जावा मॉस उष्ण प्रदेशांतला, अधिक ऊब सोसणारा व बराच लवकर वाढणारा. नागपूरच्या हवेंत ज्यास कमी कष्टांत हौस भागवावयाची आहे त्यानें जावा मॉस घेणें शहाणपणाचें, असें आम्ही सांगूं.

आतां जोपासनेविषयीं. शेवाळगोळा हा थंड, मंद उजेडाच्या व हालत्या पाण्यांतला जीव आहे, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे बाकीचे नियम आपोआप समजतात. खिडकींतून थेट ऊन पडेल अशा जागीं बरणी ठेवूं नये. उत्तरेकडील खिडकीचा सौम्य उजेड पुरेसा आहे. गोळा पांढुरका पडला तर उजेड अधिक होत आहे असें समजावें. तपकिरी पडला तर उष्णता, घाण किंवा अति ऊन यांपैकीं एक कारण शोधावें. आंतून काळा होऊन दुर्गंधि येऊं लागली तर सडलेला भाग कापून टाकावा.

नागपूरच्या नळाचें पाणी पेंच व कन्हान येथून येतें आणि तें शुद्ध करण्यासाठीं त्यांत क्लोरीन घालतात. तें पाणी उघड्या भांड्यांत एक दिवस ठेवून मग बरणींत घालावें. पाणी दर आठवड्यास बदलावें. थंडीच्या दिवसांत गोळ्यासाठीं पंधरवड्यानें बदललें तरी चालतें. परंतु माणसांसाठीं चालत नाहीं. डेंग्यू पसरविणारा डास सांठलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेसच अंडीं घालतो, आणि अंड्याचा डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्याचा नियम मोडूं नये, बरणीच्या आंतील कडा घांसून धुवाव्या, आणि तोंडावर मलमलीचें फडकें बांधावें.

भांडें कांचेचें, चिनी मातीचें किंवा मातीचें असावें. तांब्याचें कधींही नसावें. याचें कारण आमच्या बागायतदारांस निराळें सांगावयास नको. चुना व मोरचूद यांचें बोर्डो मिश्रण ज्यानें संत्र्याच्या बुंध्यास लावलें आहे, त्यास तांब्याच्या क्षारांचा प्रताप ठाऊक आहे. हौदांतील शेवाळ मारण्यास मोरचूद वापरतात तो याच गुणामुळें. अर्थात् जें शेवाळ जगवावयाचें त्यास तांबें वैरीच.

खरी परीक्षा उन्हाळ्यांत होते. या शेवाळास २५ अंशांपर्यंतचें पाणी मानवतें. आणि नागपूरचा मे महिना तर ४५ अंशांच्या घरांत जातो. येथें आपल्या जुन्या रांजणाची युक्ति कामास येते. बरणी एका पसरट मातीच्या भांड्यांत ओल्या वाळूवर ठेवावी, भोंवतीं ओलें फडकें गुंडाळावें, आणि कूलरच्या वाऱ्याच्या वाटेवर सावलींत ठेवावी. हवा कोरडी असल्यामुळें बाष्पीभवन जोरांत होतें व पाणी बरेंच निवतें. याउपरही पाणी कोमट लागलें तर बरणी कांहीं दिवस शीतपेटींत, बर्फाच्या कप्प्याखालीं, ठेवावी. थंडी व अंधार हें शेवाळ कांहीं आठवडे सहज सोसतें. उष्णता सोसत नाहीं.

कातरणी ही या वस्तूची छाटणीच होय, आणि छाटणीचा हेतु जो फळबागेंत तोच येथेंही: आंत उजेड व हवा जावी, रोगट भाग जावा, आणि आकार नीट राहावा. पाणी बदलतांना गोळा एका परातींत स्वच्छ पाण्यांत घ्यावा. मुठींत धरून स्पंजासारखा हलकेच दाबावा. आंतील गढूळ पाणी निघून जाईल. मग दोन्ही तळहातांत फिरवून वाटोळा करावा. सरोवरांतील लाटेचें काम येथें आपल्या हातांस करावें लागतें. बाहेर आलेले लांब तंतु बारीक कात्रीनें वरवर कापावे; खोल कापूं नये, कारण गेलेला भाग भरून येण्यास वर्ष लागतें. तपकिरी ठिगळ असेल तर तेवढेंच काढावें. गोळा फार मोठा होऊन आंत उजेड पोंचेनासा झाला, तर मधोमध कापून दोन करावे, प्रत्येक भाग वळून सुती दोऱ्यानें सैलसर बांधावा व दर आठवड्यास फिरवावा.

जावा मॉसची रीति निराळी. तो महिना-दीड महिन्यानें एकतृतीयांश कापला तरी चालतो, किंबहुना कापलाच पाहिजे. नाहीं तर आंतील थर उजेडावांचून कुजतो आणि सबंध गोळा दगडावरून सुटून येतो. पण त्याचा प्रत्येक बारीक तुकडा नवें झाड होऊं शकतो, हें विसरूं नये. म्हणून कातरणी वाहत्या नळाखालीं कधींही करूं नये. परातींत करावी आणि परातींतील पाणी दाट फडक्यांतून गाळून घ्यावें.

येथपर्यंतचें सर्व शोभेचें झालें. फडक्यांत उरलेल्या या मूठभर हिरव्या चोथ्याचें काय करावयाचें, येथून आमचा मुख्य मुद्दा सुरू होतो. बहुतेक घरीं तो मोरींत किंवा नालींत जातो. घर बदलतांना किंवा हौस फिटल्यावर अख्खी बरणी जवळच्या तळ्यांत रिकामी करणारे लोकही असतात. जीव मारण्यापेक्षां पाण्यांत सोडणें बरें, असा त्यांचा दयाळू विचार असतो. परंतु पाण्याची वाट मनीषनगरापाशीं संपत नाहीं. नाग, पिवळी व पोहरा या नागपूरच्या प्रवाहांचें पाणी शेवटीं कन्हान-वैनगंगेच्या खोऱ्यांत जातें, आणि त्याच वैनगंगेवर गोसीखुर्दचें धरण आहे. त्याच्या नहरांवर आमच्या धानाच्या बांध्यांचा भरंवसा आहे. शहराच्या मोरींत जें सुटतें, त्याची वाट आमच्या शेताकडेच येते.

आमची ही भीति काल्पनिक म्हणणाऱ्यांनीं जलपर्णीचा इतिहास पाहावा. दक्षिण अमेरिकेंतील ही वनस्पति एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल्यांत आली ती तिच्या सुंदर जांभळ्या फुलांसाठीं, बागेची शोभा म्हणून. पुढें तिनें तेथील नद्या, खाड्या व भातशेतें अशीं व्यापलीं कीं, १९३६ सालीं तिच्या नाशासाठीं बंगाल सरकारास स्वतंत्र कायदा करावा लागला. आज ती आमच्या अंबाझरी तलावांत व वैनगंगेच्या पात्रांतही माजलेली आमच्या वाचकांनीं पाहिली असेल. दुसरें उदाहरण याहून जवळचें आहे. शेजारच्या बैतूल जिल्ह्यांत सारणी येथील सातपुडा जलाशयावर 'साल्व्हिनिया' नांवाच्या तरंगत्या नेच्यानें २०१८ च्या सुमारास आच्छादन घातलें. मासेमारी बुडाली, पाणी झांकलें गेलें. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयानें २०१९ च्या अखेरीस त्यावर एक विशिष्ट भुंगा सोडला; त्या भुंग्यानें सुमारें दीड वर्षांत तें आच्छादन फस्त केलें. ब्राझीलकडील हाच नेचा पूर्वीं केरळांतील भातशेतांत माजला होता. जगभर त्याचा प्रसार ज्या वाटांनीं झाला, त्यांत शोभेच्या पाणवनस्पतींचा व्यापार ही एक मोठी वाट होती.

आणि प्रत्यक्ष या गोळ्यांचाही एक दाखला आहे. २०२१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील सिॲटल येथील एका दुकानांत विक्रीच्या शेवाळगोळ्यांत झेब्रा शिंपला सांपडला. शोध घेतां तसेच गोळे वीसाहून अधिक राज्यांत पोंचल्याचें दिसून आलें. ते युक्रेनमधून आयात झालेले होते. हा नखाएवढा शिंपला काळ्या समुद्राकडचा. १९८८ मध्यें तो उत्तर अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांच्या प्रदेशांत आढळला, आणि तेव्हांपासून पाण्याच्या नळांत व यंत्रांत थर धरून त्यानें तेथील लोकांस अतोनात खर्चांत पाडलें आहे. तेथील सरकारनें लोकांस सांगितलें कीं, असे गोळे नालींत वा पाण्यांत टाकूं नका. २४ तास गोठवा किंवा निदान एक मिनिट उकळत्या पाण्यांत ठेवा, आणि मगच कचऱ्यांत टाका. गोळा निरुपद्रवी होता. त्याच्या पोटांत बसून आलेला पाहुणा निरुपद्रवी नव्हता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही लपवूं इच्छित नाहीं. हें शेवाळ थंड सरोवरांतलें. विदर्भाच्या उन्हाळ्यांत तें आपोआप मरेल, मग भीति कसली? शेवाळापुरतें हें बव्हंशीं खरें आहे. शेवाळगोळा आमच्या तलावांत माजेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्याच दुकानांतून, त्याच हातांनीं, त्याच घरांत जावा मॉस येतो, साल्व्हिनिया येतो, तरंगत्या पानांच्या आणखी दहा जाती येतात, त्यांच्याबरोबर गोगलगाई व त्यांचीं अंडीं येतात. आणि हें सर्व उष्णतेस भिणारें नाहीं. बरणीचें पाणी मोरींत ओतण्याची संवय एकदां लागली म्हणजे ती वनस्पतीची जात पाहून थांबत नाहीं. आमचा विरोध गोळ्यास नसून या संवयीस आहे. जें बाहेरून आलें तें तपासून घ्यावें हा धडा गाजर गवतानें आपणांस पुरेसा शिकविला आहे. १९५० नंतरच्या दशकांत पुण्यास प्रथम दिसलेलें तें गवत आज कोणत्या धुऱ्यावर नाहीं?

दोष सर्व शहराचाच आहे असेंही नव्हे. आइसलँडांतील मीवात्न सरोवरांत हेच गोळे हजारोंनीं होते. २००६ मध्यें त्यांस कायद्यानें संरक्षण मिळालें, तरी २०१४ च्या सुमारास ते जवळजवळ नाहींसे झाले. पाण्यांत पोषक द्रव्यें वाढलीं, पाणी गढूळ झालें, तळाशीं उजेड पोंचेना व गाळानें गोळे झांकले गेले, हें त्याचें कारण तेथील शास्त्रज्ञ सांगतात. आमच्या शेतांतून पहिल्या पावसाबरोबर वाहून जाणारें नत्र व स्फुरद तलावांत हेंच कार्य करतें. जलपर्णीस खत आम्हीही घालतों. शहरास उपदेश करतांना हें ध्यानांत असलेलें बरें.

आपल्या पाण्याची किंमत आपणांस ठाऊक नाहीं असें नव्हे. पूर्व विदर्भांत मालगुजारी काळांतले साडेसहा हजारांवर तलाव आहेत; कोहळी समाजाच्या कर्त्या पुरुषांनीं ते बांधले व त्यांवर आमचें धान पिकलें. भंडारा-गोंदियाकडे अलीकडील वर्षांत ढिवर समाजाच्या स्त्रीपुरुषांनीं अशा तलावांतील बेशरम उपटून काढली आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हां लावल्या. त्यामुळें माशांस आसरा मिळून त्यांची संख्या वाढली. हा खरा पाणबागेचा उद्योग. ज्यास घरींही पाण्यांतली हिरवळ पाहिजे, त्यानें आपल्या गांवच्या बोडींतील हायड्रिला, कुमुद किंवा शिंगाड्याचा वेल टोपांत लावून पाहावा. तो उन्हाळा सोसेल, विकत आणावा लागणार नाहीं, आणि त्याचा तुकडा चुकून त्याच बोडींत परत गेला तरी कोणाचें नुकसान होणार नाहीं.

ज्यांच्या घरीं गोळा आलेलाच आहे त्यांच्यासाठीं आमच्या सूचना थोडक्यांत अशा: नवा गोळा आणल्यावर परातींत दाबून पाहावा, बोटांस कठीण कण किंवा शिंपला लागला तर तो वर सांगितल्याप्रमाणें गोठवून वा उकळून नष्ट करावा. कातरणीचा चोथा उकळत्या पाण्यानें मारून खताच्या खड्ड्यांत पुरावा. बरणीचें पाणी नालींत न ओततां कुंडींतील किंवा अंगणांतील झाडाच्या बुडाशीं कोरड्या मातींत घालावें. झाडास तें खतच आहे. परदेशांतून टपालानें येणारी जिवंत वनस्पति घेऊं नये. २००३ च्या वनस्पति संगरोध आदेशानें अशा आयातीस परवाना व रोगमुक्ततेचा दाखला लागतो, तो विक्रेत्यापाशीं मागण्याचा ग्राहकास हक्क आहे. आणि हौस फिटली तर बरणी शेजाऱ्यास द्यावी, तळ्यास देऊं नये.

संस्थेनें आपल्या वार्षिक सभेंत या विषयाचा एक ठराव करावा, आणि नागपुरांतील शोभेच्या मासळीच्या व रोपांच्या दुकानदारांस प्रत्येक विक्रीबरोबर अशी चार ओळींची मराठी सूचना देण्याची विनंति करावी, असें आम्ही सुचवितों. खर्च कागदाचा, वांचेल तें नहराचें पाणी. अकान सरोवरापाशीं, ज्या गांवांत एकेकाळीं हे गोळे उचलून विकले जात, तेथील लोक १९५० पासून दर वर्षीं उत्सव करून गोळे मानानें पाण्यास परत करतात. त्यांच्या पाण्यांतली वस्तु त्यांनीं त्यांच्या पाण्यास परत करावी हें योग्यच आहे. आमच्या पाण्यांत आमचें तेवढेंच राहावें, परक्याचें तेथें जाऊं नये, एवढी राखण आमच्या वाचकांनीं व शहरांतील त्यांच्या मुलांनीं मिळून करावी.